वाघ एकदा तरी जिंकू देत

रविवार, १ मार्च

हरलो! परत! चौदा-दोन. ही बेसबॉलची मॅच होती की लग्नाची पंगत — समोरचे येतायत, बसतायत, उठतायत, पुढची तुकडी तयार! आणि समोर कोण, तर जपानी अकाउंटंट लोकांची टीम. सगळे चष्मेवाले, अतिशय नम्र. प्रत्येक रन काढला की कमरेत वाकून नमस्कार. हरवायचं तर हरवा ना, वर पाया कशाला पडता!

आमच्या टीमचं नाव 'वुडलँड्स वाघ'. सगळी सिंगापुरात नोकरीला आलेली पुण्या-मुंबईची इंजिनिअर मंडळी. क्रिकेटला रविवारचं मैदान मिळेना, बेसबॉलचं मिळत होतं, म्हणून बेसबॉल! रव्याचा डबा हाताला लागला म्हणून शिरा करावा, तसं. कॅप्टन माझा जावई शिरीष. हा मोसम सुरू झाल्यापासून वाघांनी एक मॅच जिंकलेली नाही. एक!

आज कुशलने तर कहर केला. बॉल सुरेख मारला आणि पळाला — बॅट हातात घेऊन! पहिल्या बेसवर पोचल्यावर वाकून बॅट जमिनीला टेकवली. क्रीजमध्ये! अंपायर बिचारा बघतच राहिला. चाळीस वर्षं क्रिकेट बघतेय मी, मलाही बेसबॉल येत नाही, पण बॅट टाकून पळायचं एवढं मी पहिल्या दिवशी शिकले. कुशल तीन वर्षं खेळतोय.

सगळ्यात नवल अनघाचं. ही माझी लेक वर्ल्ड कपच्या फायनलला सोफ्यावर घोरत पडली होती. आज उभी राहून किंचाळत होती. "शिरीष, पळ! अरे पळ ना!" अंपायरला तर मराठीतून काय काय बोलली! बरं झालं त्याला कळलं नाही.

सोमवार, २ मार्च

घसा बसलाय. माझाही, अनघाचाही. सकाळपासून दोघी खुणांनी बोलतोय.

रविवार, ८ मार्च

हरलो. अकरा-चार. मागच्यापेक्षा बरं — असं शिरीष म्हणाला. अशा समाधानाचा मला संताप येतो.

आज प्रबोध. हा आमचा ओपनर. पहिला बॉल आला, ह्याने बॅट वर उचलून सोडून दिला. दुसरा आला, सोडून दिला. तिसराही सोडला, आणि ऐटीत मान हलवून पुढच्या बॉलची वाट बघत उभा! तीन स्ट्राइक झाले, आउट झाला, हे त्याला अंपायरने खांद्यावर हात ठेवून सांगितलं. परत आला तेव्हा मी विचारलं, "का रे बाबा, एकाला तरी हात लावायचास." तर म्हणतो, "काकू, जरा विकेटचा अंदाज घेत होतो." अरे, पाच दिवसांची टेस्ट आहे का ही!

चौथ्या इनिंगला आपण दोन रन काढले तेव्हा मी डाव्या बाजूच्या बाकावर बसले होते. लगेच सगळ्यांना हुकूम केला — कुणी जागा सोडायची नाही! अनघाला तहान लागली तरी उठू दिलं नाही. राधिका (माझी नात, वय वर्षं नऊ, मराठी कळतं पण बोलताना गाडी इंग्लिशच्या रुळावर, वर इथलं 'लाह' शेपटाला) म्हणाली, "आजी, इट डझन्ट वर्क लाइक दॅट लाह." आणि उठून आइस्क्रीम आणायला गेली. ती गेली आणि समोरच्यांची बॅटिंग आली, पहिल्याच बॉलला आपल्याकडून कॅच सुटला. मी नुसतं बघितलं तिच्याकडे.

बुधवार, ११ मार्च

आज सकाळी शिरीषला चहा देताना बॅटिंग ऑर्डरचा विषय काढला. म्हटलं, "शिरीषराव, प्रबोधला खाली पाठवा. आणि तुम्ही स्वतः वर या." तो म्हणाला, "हो आई, बघतो." हा 'बघतो' मी दोन महिने ऐकतेय. चिडत नाही, वाद घालत नाही, कपाळावर आठी नाही. बॅग उचलली, "येतो आई," आणि गेला. हल्ली फार लवकर जातो ऑफिसला. रात्री जेवतानाही डोकं दुसरीकडेच. दोन वेळा मीठ मागितलं, दोन्ही वेळा पुढ्यातच होतं.

असा कॅप्टन असल्यावर वाघ काय करतील!

नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी अख्खी नोकरी झाली. मॅच असली की लोक नंबर मागायच्या आधी स्कोअर विचारायचे. "बाई, गावसकर आहे का अजून?" मी आहे म्हटलं की पलीकडून सुस्कारा ऐकू यायचा. तेव्हा हरलो तरी वाईट वाटायचं, पण लाज नाही वाटायची. आता तर लिफ्टमध्ये शेजारच्या आंटीने "हाउ इज युअर टायगर?" विचारलं की मी मोबाइलमध्ये बघते.

रविवार, १५ मार्च

एका रनने. एका! टिपं गाळायची वेळ आणली ह्यांनी.

लिहू की नको असं झालंय, इतका राग आलाय. शेवटची इनिंग, शिरीष दुसऱ्या बेसवर. कुशलने बॉल लांब मारला (बॅट घेऊनच पळाला, पण ते असो). शिरीषने नुसतं सरळ पळत यायचं होतं. बरोबरी झाली असती! आणि हा उभा. चक्क उभा! कुठेतरी लांब कुंपणापलीकडे बघत. सगळे बोंबलतायत, अनघाचा आवाज तर फाटला. भानावर येऊन पळाला तोवर बॉल आलाही होता.

घरी आल्यावर ओट्याशी मी बोलूनच टाकलं. म्हटलं, "अनघा, जावई म्हणून मला त्याच्याबद्दल आदर आहे. पण कॅप्टन म्हणून? सरळ नारळ द्या त्याला! प्रबोधला करा, कुशलला करा, नाहीतर मला करा!"

अनघा भांडी विसळत होती. म्हणाली, "आई, हळू बोल." एवढंच. मैदानावर अंपायरला खाऊ की गिळू करणारी बाई, घरात एकदम मऊ. राधिका फ्रिजमधून दूध काढत होती, तिच्याकडे लक्षच गेलं नाही माझं.

गुरुवार, १९ मार्च — गुढीपाडवा

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण बाराव्या मजल्यावर जमीन आणायची कुठून!

क्रमाने लिहिते. सकाळ छान गेली. कपडे वाळत घालायच्या बांबूलाच गुढी बांधली, खिडकीबाहेर डौलात उभी राहिली. शिरीष घरी होता — रजा घेतली म्हणाला. नऊवारीची निरी मी घातली, कलश त्याने बसवला. इतका आनंदात होता! बऱ्याच दिवसांनी.

गुढी उतरवली आणि संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर टीम आली, श्रीखंड-पुरीला. हरणारी माणसं खातात मात्र जिंकल्यासारखी. पुऱ्या लाटून माझे हात भरून आले. सगळे बसलेत, हसतायत, प्रबोध श्रीखंडाची तिसरी वाटी संपवतोय — आणि राधिका देवासमोरचा नारळ दोन्ही हातांत धरून आली. नवा परकर-पोलका, नारळाच्या शेंडीला हळदकुंकू, सगळं साग्रसंगीत. शिरीषसमोर उभी राहिली आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली — तेही शुद्ध मराठीत, एरवी जे वर्षभर येत नाही —

"बाबा, आजीने तुला नारळ द्यायला सांगितलाय."

कुशल असा काही हसला की पुरीचा घास नाकात गेला. प्रबोध म्हणाला, "काकू! घरच्या घरी?" सगळे हसत सुटले. पोरीला वाटलं छान झालं, तीही हसली. तिला काय माहीत! तिच्या लेखी नारळ म्हणजे नारळ.

सासूने जावयाला नारळ दिला. पाडव्याला. चारचौघांत. हे नाशिकला कळलं तर माझी भाचरं मला जन्मभर पुरवून पुरवून चिडवतील.

पण शिरीष हसला नाही. त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला. नारळ घेतला, ताटाशेजारी ठेवला. नंतर मी वाढायला वाकले तेव्हा अगदी हळू विचारलं, "आई, तुम्हाला कसं कळलं?"

काय कळलं? मी काही बोलायच्या आत कुणीतरी पुरी मागितली.

शुक्रवार, २० मार्च

'कसं कळलं' म्हणजे काय? टीममध्ये त्याच्याविरुद्ध काही शिजतंय का? म्हणजे पोरं आधीपासूनच त्याला काढायच्या बेतात आहेत, आणि मला फितूर समजतोय हा!

माफी मागायची होती. पण आज त्याने मला इतक्या वेळा "आई, साखर पुरे ना?" विचारलं की माझी हिंमत झाली नाही. माणूस चिडला की भांडेल, हा साखर विचारतो. मग सकाळीच बॅग घेऊन गेला. रागावलेल्या जावयापेक्षा नम्र जावई फार अवघड.

रविवार, २२ मार्च

हरलो. नऊ-तीन. मॅचआधी शिरीषने कॅप्टनपद सोडतो म्हणून सांगितलं. "आईंचंही तेच मत आहे," म्हणाला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याच्या बाटलीकडे बघितलं. पण पद घ्यायला कुणी पुढे येईना! प्रबोधची पाठ दुखायला लागली, कुशलला मुळातच ऑफिसचं फार काम. शेवटी शिरीषच राहिला कॅप्टन. असं पद देवाने शत्रूलाही देऊ नये.

मंगळवार, २४ मार्च

हे वहीतच लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

कढीपत्ता संपला म्हणून सकाळी अकराच्या सुमाराला एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनपाशी गेले. पाय दुखले म्हणून फूड कोर्टात चहाला वळले. कोपऱ्यातल्या टेबलावर शिरीष! समोर लॅपटॉप, थंड झालेली कॉफी, इस्त्रीचा शर्ट. मला बघून वर्गाबाहेर सापडलेल्या मुलासारखा उठून उभा राहिला.

"आई, बसा. चहा सांगतो."

"तुम्ही इथे? ऑफिस?"

"आता तुमच्यापासून काय लपवायचं," तो म्हणाला. "तुम्हाला कळलंच आहे."

"मला? काय कळलंय?"

"पाडव्याला नारळ दिलात ना."

"अहो, मी टीमचं म्हणत होते! कॅप्टनपदाचं! आणि खरोखरचा द्या असंही नव्हतं म्हणायचं, नुसती चिडले होते."

त्याने लॅपटॉप मिटला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे ऑफिसचं तुम्हाला माहीत नव्हतं?"

फेब्रुवारीतच. आंग मो किओ भागातली त्याची कंपनी — अख्खा सेक्शनच बंद केला, त्यात हाही गेला. तेव्हापासून रोज शर्ट, बूट, बॅग, "येतो आई", आणि लायब्ररी नाहीतर हे फूड कोर्ट. अर्ज करतोय, इंटरव्ह्यू देतोय. त्या दिवशी बेसवर उभा होता तेव्हाही मनात इंटरव्ह्यूच चालला होता म्हणे.

"अहो, म्हणजे एक नारळ ऑफिसने दिला आणि दुसरा मी घरून!" माझ्या तोंडून निघून गेलं. लगेच जीभ चावली. पण शिरीष हसायला लागला. असा हसला की डोळ्यांतून पाणी. मलाही आवरेना. शेजारच्या टेबलावरचे अंकल नूडल्स टाकून आमच्याकडे बघायला लागले. हसता हसता तो कधी नुसताच डोळे पुसायला लागला ते कळलं नाही. मी त्याच्या हातावर हात ठेवला. आठ वर्षं झाली असतील लग्नाला — छे, अकरा — पण हे मी पहिल्यांदाच केलं. फार वाईट वाटलं. इतके दिवस मी ह्या माणसाला बॅटिंग ऑर्डर शिकवत होते.

"अनघाला?" मी विचारलं.

मान हलवली. नाही.

"अहो, बायकोला नाही सांगितलं? पीआर आहात, इथले कायमचे रहिवासी, कुणी उद्या देशाबाहेर काढत नाही. तिची नोकरी आहे. सांगून टाका."

"सांगणार आहे आई. पण नुसती वाईट बातमी मला देता येत नाही. एक मॅच जिंकू दे. जिंकून घरी आलो की त्या आनंदात सांगतो."

ह्याचं पहिल्यापासून असंच. सिंगापूरची नोकरी लागली तेव्हा नाशिकला आला, आधी पेढ्यांचा बॉक्स उघडून माझ्या हातात दिला, माझ्या तोंडात पेढा असताना सांगितलं की लेकीला घेऊन चाललोय. ओरडायची सोय ठेवली नाही.

"शिरीषराव," मी म्हटलं, "वाघांच्या भरवशावर राहिलात तर अनघाला तुमच्या रिटायरमेंटलाच कळेल."

तरी त्याने शपथ घातलीच. राधिकाची. आता काय करणार!

कढीपत्ता विसरले.

बुधवार, २५ मार्च

अनघाच्या डोळ्यांत बघवत नाही. आमटीत मीठ दोनदा पडलं. तिने गुपचूप खाल्ली.

आता काहीही होवो, वाघ जिंकलेच पाहिजेत.

शनिवार, २८ मार्च

कोचिंग सुरू! पोरांना बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत बोलावलं. कुशलला सांगितलं, "हातात बॅट नाही, तापलेला तवा आहे. बॉल मारला की चटका बसला. टाक!" वीस वेळा टाकायला लावला. प्रत्येक वेळी फरशीवर असा आवाज की बुद्धिबळ खेळणारे दोन आजोबा डाव घेऊन दुसऱ्या बिल्डिंगखाली गेले. प्रबोधला म्हटलं, उद्या एकही बॉल सोडलास तर पुऱ्या बंद. चेहरा उतरला त्याचा. ह्या टीमला पोटाकडूनच वळवावं लागतं.

शिरीष खांबाला टेकून बघत होता. म्हणाला, "आई, तुम्ही एवढं का मनावर घेताय?" मी फक्त एक कटाक्ष टाकला. त्याने मुकाट्याने ग्लोव्ह चढवला.

रविवार, २९ मार्च

आघाडीवर होतो! शेवटच्या इनिंगपर्यंत आघाडीवर! प्रबोधने सगळ्या बॉलवर बॅट फिरवली, दोन लागलेसुद्धा. अनघा तर बाकावर चढून उभी. मी मनातल्या मनात कुलदेवतेला साकडं घालून मोकळी.

मग समोरच्यांनी दोन रन जास्त केले, आणि आपला कुशल आला. मारला. बॅट टाकली — तव्यासारखी, झकास! सुसाट पहिल्या बेसवर पोचला. सेफ! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात तो "दोन! दोन!" ओरडत वळला आणि पळत परत आला. जिथून निघाला तिथे! होम प्लेटला पाय लावून दोन्ही हात वर केले.

क्रिकेट! रक्तातलं क्रिकेट! मी तवा शिकवला, रस्ता शिकवायचा राहिला.

हरलो.

घरी येताना अनघा ट्रेनमध्ये कुशलशी एक शब्द बोलली नाही. मी म्हटलं, "अगं, पोरगा आहे, चुकला." तर म्हणाली, "आई, तुला नाही कळायचं." मला नाही कळायचं! मला!

गुरुवार, २ एप्रिल

शिरीषचा एक इंटरव्ह्यू झाला. फूड कोर्टात भेटून सांगितलं. अजून काही कळवलं नाही त्यांनी. टोस्ट अर्धा-अर्धा खाल्ला. आता आमचं हे रोजचंच झालंय, अनघाला वाटतं मी योगासनांच्या क्लासला जाते.

रविवार, ५ एप्रिल

मोसमाची शेवटची मॅच. समोर तुआसच्या शिपयार्डातली टीम, दंड हे एवढाले. तरी आपण झुंजलो. खरंच झुंजलो. एकही वाघ आज बॅट घेऊन पळाला नाही, कुणी उलटं पळालं नाही, कुणी विकेटचा अंदाज घेतला नाही.

एक रन हवा बरोबरीला, दोन जिंकायला. शेवटचा खेळाडू शिरीष. तिसऱ्या बेसवर प्रबोध, दुसऱ्यावर कुशल. मी माझ्या जागेवर बसून राहिले, श्वास धरून. शिरीषने एकदा आमच्याकडे बघितलं. मग असा मारला, असा मारला — बॉल वर, वर, दिव्याच्या खांबाच्याही वर! सगळे उभे. राधिका ओरडतेय, "गो बाबा, गो लाह!" मला वाटलं झालं, आता घरी गेल्यावर सांगेल, सुटेल बिचारा.

खाली एक आडदांड माणूस ग्लोव्ह धरून आरामात उभा होता. कॅच.

शिरीषने सगळ्यांशी हात मिळवले, बॅटा गोळा केल्या. ट्रेनमध्ये राधिका त्याच्या मांडीवर झोपून गेली. तो खिडकीबाहेर बघत होता. आणि अनघा रडत होती. आवाज न करता, पदराने — म्हणजे दुपट्ट्याने — डोळे पुसत. मी म्हटलं, "अगं, खेळच आहे. पुढच्या मोसमात जिंकू." ती आणखीनच रडली. बेसबॉलसाठी इतकं! ह्या टीमने माझ्या लेकीचं काय करून ठेवलंय.

सोमवार, ६ एप्रिल

सकाळी डबे भरताना अनघा म्हणाली, "आई, योगासनांच्या क्लासवरून येताना तुझ्या अंगाला टोस्टचा वास येतो."

मी डब्यातल्या पोळ्या मोजायला लागले.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्याच्या ऑफिसातल्या विनीताने त्याच संध्याकाळी फोन केला होता. म्हटलं, तो सांगेल तेव्हा सांगेल, आपण नाही विचारायचं. पण नुसती वाईट बातमी द्यायचा त्याचा स्वभाव नाही. काहीतरी गोड हवं बरोबर. म्हणून तर प्रत्येक रविवारी घसा फोडत होते — जिंका रे एकदा, म्हणजे हा बोलेल!" डब्याचं झाकण तिला लागेना. "आता मोसमही संपला, आई."

आतून दाढीच्या मशीनचा आवाज येत होता. बाहेर सोफ्यावर बॅग तयार, खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट. मी जाऊन बाथरूमचं दार वाजवलं.

"शिरीष, बाहेर ये. आज तुला कुठेही जायचं नाहीये."